भूवेष्टित देश, कंटेनर आणि रेल्वे : पारगमनविषयक विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

जगात समुद्रकिनारा नसलेले ४४ देश आहेत आणि त्यांपैकी ३२ देश विकसनशील गटात मोडतात. या देशांच्या दारिद्र्याची मीमांसा करताना त्यांचे सागरापासूनचे अंतर हे एक प्रमुख कारण मानण्याची परंपरा जुनी आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जलमार्गापासून दूर असलेल्या आफ्रिकेच्या व मध्य आशियाच्या अंतर्भागाच्या मागासलेपणाची चर्चा केली होती. त्यानंतर वाहतुकीचे तंत्र आमूलाग्र बदलले. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले आणि कंटेनर वाहतुकीचे युग सुरू झाले. माल एकदा पेटीत भरला की ती पेटी जहाजावरून वाघिणीवर आणि वाघिणीवरून ट्रकवर न उघडता चढवता येते. त्यामुळे समुद्र आणि जमीन यांतील भेद पुसला जाईल, अशी अपेक्षा या तंत्राने निर्माण केली. भूवेष्टित देशांसाठी या अपेक्षेचे मूर्त रूप म्हणजे बंदरापासून थेट देशाच्या अंतर्भागातील डेपोपर्यंत धावणारी कंटेनर मालगाडी होय.

ही अपेक्षा कितपत पूर्ण झाली, आणि ती जेथे अपुरी राहिली तेथे तिची कारणे प्रचलित अभ्यासांनी नेमकी हेरली आहेत काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी या विषयावरील तीन प्रमुख विचारधारांची चिकित्सा करून नेपाळ, इथिओपिया आणि बोलिव्हिया या तीन देशांच्या अनुभवावर त्या तपासून पाहिल्या आहेत. नेपाळचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण त्याच्या मालाचा समुद्राकडे जाणारा प्रमुख लोहमार्ग भारताच्या भूमीवरून जातो.

तीन विचारधारा

पहिली विचारधारा भौगोलिक स्वरूपाची आहे. गॅलप, सॅक्स आणि मेलिंजर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या विवेचनात हवामान आणि समुद्रसान्निध्य यांना आर्थिक विकासाच्या स्पष्टीकरणात मध्यवर्ती स्थान दिले गेले. दुसरी विचारधारा पायाभूत सुविधांवर भर देते. लिमाओ आणि व्हेनाबल्स यांनी २००१ मध्ये बाल्टिमोरहून जगातील विविध शहरांकडे कंटेनर पाठविण्याच्या खर्चाचा अभ्यास केला. समुद्रमार्गाचे अंतर १,००० किलोमीटरने वाढल्यास खर्चात सुमारे १९० डॉलरची, तर जमिनीवरचे अंतर तेवढेच वाढल्यास सुमारे १,३८० डॉलरची भर पडते, असे त्यांना आढळले. स्वतःच्या तसेच शेजारी पारगमन देशाच्या सुविधा सुधारल्यास भूवेष्टित देशाचा तोटा बऱ्याच अंशी भरून निघू शकतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

तिसरी विचारधारा संस्थात्मक आहे. जागतिक बँकेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्विस, राबालाँ आणि मार्तो यांच्या ग्रंथाने भूवेष्टित असण्याची खरी किंमत रस्त्यांच्या दुरवस्थेपेक्षा पुरवठ्याच्या अनिश्चिततेत शोधली. माल किती दिवसांत पोहोचेल हे सांगता येत नसल्यामुळे व्यापाऱ्याला अधिक साठा बाळगावा लागतो, त्यात त्याचे भांडवल अडकून पडते. वाहतूकदारांची मक्तेदारी आणि मार्गावरील मध्यस्थांचे हितसंबंध ही अनिश्चितता टिकवून धरतात, असे या लेखकांचे प्रतिपादन आहे.

या तीन विचारधारांतील क्रम लक्षणीय आहे. पहिलीत दोष निसर्गाकडे जातो, दुसरीत अपुऱ्या गुंतवणुकीकडे आणि तिसरीत मार्गावरच्या व्यवहाराकडे. दोष जेथे ठेवला जातो, तेथेच उपायही शोधला जातो. निसर्ग दोषी असेल तर मदत हा उपाय ठरतो, सुविधा दोषी असतील तर कर्ज आणि व्यवहार दोषी असेल तर सुधारणा. म्हणूनच या चर्चेतील मतभेद केवळ शास्त्रीय राहत नाहीत. कोणत्या देशाने कशासाठी कर्ज काढावे, हेही त्यांवरून ठरत असते.

हक्क आणि त्याची शर्त

भूवेष्टित देशांचा समुद्रापर्यंत पोहोचण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केला आहे. १९२१ चा बार्सिलोना करार, १९६५ चा न्यूयॉर्क करार आणि १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार हे या मान्यतेचे टप्पे होत. १९८२ च्या कराराच्या १२५ व्या कलमाने भूवेष्टित देशाला समुद्राकडे जाण्या-येण्याचा हक्क आणि पारगमन देशांच्या प्रदेशातून सर्व वाहतूक साधनांनी जाण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच्या आधीच्या कलमातील वाहतूक साधनांच्या व्याख्येत रेल्वेच्या डब्यांचा उल्लेख आरंभीच येतो.

तथापि, त्याच १२५ व्या कलमाच्या पुढील भागात या स्वातंत्र्याच्या अटी व पद्धती संबंधित देशांनी आपसांत करार करून ठरवाव्यात असे म्हटले आहे, तसेच आपल्या न्याय्य हितसंबंधांना बाधा पोहोचू नये यासाठी उपाय योजण्याचा अधिकार पारगमन देशाकडे राखला आहे. म्हणजे हक्क सार्वत्रिक असला तरी त्याचा उपभोग द्विपक्षीय कराराशिवाय शक्य नाही. रस्त्याच्या बाबतीत ही शर्त तुलनेने सौम्य ठरते, कारण एक सीमानाका बंद झाला तर ट्रक दुसरीकडून वळविता येतो. रेल्वेच्या बाबतीत मात्र मार्ग, बंदर, सीमास्थानक, गाडी चालविणारी संस्था आणि मालाचा प्रकार या सर्व गोष्टी करारात नावानिशी लिहाव्या लागतात. जे लिहिलेले नसेल ते धावत नाही. हा मुद्दा उपरोक्त तिन्ही विचारधारांत दुय्यम राहिला आहे.

बीरगंजचा अनुभव

नेपाळमध्ये रेल्वे नवी नाही. रक्सौल ते अमलेखगंज ही नॅरोगेज गाडी १९२७ मध्ये सुरू झाली होती, पुढे १९६० च्या दशकात ती बंद पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या साहाय्याने नेपाळमध्ये अंतर्देशीय कंटेनर डेपोंची योजना हाती घेण्यात आली. त्यांपैकी बीरगंजजवळील सिर्सिया येथील डेपो रक्सौल स्थानकाशी काही किलोमीटरच्या लोहमार्गाने जोडण्यात आला. हा मार्ग भारतीय रेल्वेच्याच ब्रॉडगेजचा असल्यामुळे कोलकात्याहून निघालेली गाडी वाघिणी न बदलता डेपोत पोहोचू शकते. मंगोलियातून तिआनजिनकडे जाणाऱ्या मालाला किंवा युगांडातून मोंबासाकडे जाताना केनियाच्या नव्या मार्गावर चढणाऱ्या मालाला रुळांच्या रुंदीतील फरकामुळे जो अडथळा येतो, तो येथे नाही. कोलकाता ते बीरगंज हे रेल्वेचे अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे भूवेष्टित देशांच्या मानाने माफकच आहे.

डेपोचे बांधकाम २००० च्या सुमारास पूर्ण झाले. रूळ होते, फलाट होते, गोदामे होती, परंतु गाडी आली नाही. कारण दोन देशांत रेल्वेसेवेचा करार झालेला नव्हता. तो करार मे २००४ मध्ये झाला आणि जुलै २००४ मध्ये डेपो कार्यान्वित झाला. मधली सुमारे चार वर्षे ही संपूर्ण गुंतवणूक निरुपयोगी पडून राहिली. सुविधा उभारली की व्यापार आपोआप येईल, या गृहीतकाचे याहून स्पष्ट खंडन क्वचितच सापडेल.

करारानंतरही एक महत्त्वाची मर्यादा राहिली. २००४ च्या करारान्वये नेपाळचे कंटेनर वाहून नेण्याचे काम भारतीय बाजूने केवळ कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाकडे होते. भारताने २००६ मध्ये धोरण बदलून देशांतर्गत कंटेनर गाड्या चालविण्याची मुभा खाजगी कंपन्यांनाही दिली. त्यामुळे दिल्लीच्या किंवा नागपूरच्या व्यापाऱ्यासाठी स्पर्धेची वाट खुली झाली, परंतु त्याच रुळांवरून माल मागविणाऱ्या बीरगंजच्या व्यापाऱ्याला ती उपलब्ध नव्हती. २९ जून २०२१ रोजी उभय देशांत पत्रांची देवाणघेवाण होऊन सर्व अधिकृत मालगाडी चालकांना नेपाळच्या वाहतुकीची परवानगी मिळाली. देशांतर्गत सुधारणा सीमेपलीकडे पोहोचण्यास सुमारे १५ वर्षे लागली. या विलंबामागे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची आवश्यकता नाही. देशांतर्गत धोरण सरकार एका निर्णयाने बदलू शकते, आंतरराष्ट्रीय करार मात्र दोन्ही बाजूंनी मनावर घेतल्याशिवाय बदलत नाही, एवढेच त्यातून दिसते.

बंदराच्या निवडीबाबतही हेच घडले. कोलकाता हे हुगळी नदीवरील बंदर असून तेथे मोठी जहाजे येऊ शकत नाहीत, त्यामुळे बराच माल कोलंबो किंवा सिंगापूर येथे लहान जहाजांवर चढवून आणावा लागतो. विशाखापट्टणमचे बंदर खोल आहे. तेथून बीरगंजचे रेल्वे अंतर कोलकात्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरीही २०१६ मध्ये त्या बंदराची सोय मान्य झाल्यावर व्यापाऱ्यांना ती स्वागतार्ह वाटली. अंतर हाच खर्चाचा निर्णायक घटक असता तर या पर्यायाचे आकर्षण समजण्यासारखे नव्हते. पर्याय असणे हीच एक किंमत असलेली गोष्ट आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

कंटेनर कोणाचा, जोखीम कोणाची

कंटेनरविषयीच्या चर्चेत एक साधी बाब अनेकदा निसटते. कंटेनर आयातदाराच्या मालकीचा नसतो, तो बहुधा जहाज कंपनीचा असतो. ठराविक मुदतीत रिकामा कंटेनर बंदरात परत न केल्यास दिवसागणिक आकार भरावा लागतो आणि त्यासाठी आगाऊ अनामतही ठेवावी लागते. नेपाळची आयात तिच्या निर्यातीच्या कित्येक पट आहे. परिणामी भरून आलेले बहुसंख्य कंटेनर रिकामेच परततात आणि परतीच्या प्रवासाचा खर्चही अखेरीस आयात मालावरच पडतो. यंत्रांचे सुटे भाग असोत वा औषधांचा कच्चा माल, काठमांडूच्या ग्राहकाने दिलेल्या किमतीत त्या रिकाम्या पेटीचे भाडे समाविष्ट असते.

रेल्वेची रचना या अडचणीत भर घालते. भारतीय रेल्वेच्या एका कंटेनर गाडीला साधारणतः ४५ वाघिणी असतात आणि तिच्यावर २० फुटी ९० कंटेनर जातात. गाडी पूर्ण भरली तरच ती परवडते. मोठ्या आयातदारास हे अनुकूल असते. दोन-चार कंटेनर मागविणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मात्र गाडी भरेपर्यंत बंदरात थांबावे लागते आणि त्या काळात डेमरेजचा आकडा वाढत राहतो. अशा वेळी तो महाग असूनही ट्रकचा मार्ग पत्करतो. म्हणून ‘रेल्वे स्वस्त आहे’ हे विधान कोणासाठी, हे सांगितल्याशिवाय अपूर्ण राहते.

जहाज कंपनीची जबाबदारी कोठे संपते, हाही असाच प्रश्न आहे. वहनपत्र कोलकात्यापर्यंतचेच असेल तर पुढील प्रवासाची, सीमाशुल्काच्या कागदपत्रांची आणि विलंबाची जोखीम आयातदारावर येते. ते बीरगंजपर्यंतचे असेल तर ती जोखीम वाहतूकदार उचलतो. या दृष्टीने भारताच्या सीमाशुल्क खात्याने २०१९ मध्ये केलेले इलेक्ट्रॉनिक माल-मागोवा पद्धतीचे नियम महत्त्वाचे ठरतात. कंटेनरला उपग्रहाद्वारे माग काढता येणारे इलेक्ट्रॉनिक सील लावले की बंदरातील पारगमन कागदपत्रांची दीर्घ प्रक्रिया टळते. येथे ना नवा रूळ टाकला गेला, ना नवे इंजिन आले. बदलली ती परस्परांच्या मालावर विश्वास ठेवण्याची पद्धत. आर्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रतिपादनाला या उदाहरणाने पुष्टी मिळते.

इथिओपिया आणि बोलिव्हिया

नेपाळच्या अनुभवाला दुसरी बाजू इथिओपियाच्या उदाहरणाने मिळते. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र झाल्यावर इथिओपिया भूवेष्टित झाला आणि १९९८ ते २००० च्या युद्धामुळे असाब बंदराचा मार्गही बंद झाला. तेव्हापासून त्याच्या परदेशी व्यापाराचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जिबूतीवर अवलंबून राहिला आहे. अदिस अबाबा ते जिबूती ही फ्रेंचांनी बांधलेली जुनी मीटरगेज रेल्वे १९१७ मध्ये पूर्ण झाली होती. तिच्या जागी सुमारे ७५० किलोमीटरचा विद्युतीकृत स्टँडर्ड गेज मार्ग चिनी कर्ज व तंत्रज्ञान यांच्या साहाय्याने उभा राहिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून व्यापारी वाहतूक सुरू झाली.

येथे करार होता, रूळ होते आणि गाडीही होती. तरीही २०१८ मध्येच कर्जफेडीची मुदत १० वर्षांवरून ३० वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची वेळ इथिओपियावर आली. चिनी कंपन्यांकडे असलेले संचालन मे २०२४ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त कंपनीकडे आले. एवढे होऊनही समुद्राचा प्रश्न मिटला नाही. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने सोमालीलँडशी सागरी प्रवेशासंबंधी सामंजस्य करार केला. त्यातून सोमालियाशी निर्माण झालेला तणाव डिसेंबर २०२४ मधील अंकारा घोषणेने काहीसा निवळला. एका बंदराकडे जाणारी उत्तम रेल्वेही त्या एकाच बंदरावरील अवलंबन संपवू शकत नाही. उलट, गुंतवणूक जितकी मोठी तितके ते अवलंबन घट्ट होते.

बोलिव्हियाचे उदाहरण याहून जुने आहे. पॅसिफिक युद्धात किनारा गमावल्यावर १९०४ च्या करारान्वये चिलीने बोलिव्हियाला कायमस्वरूपी मुक्त पारगमनाचा हक्क दिला आणि आरिका ते ला पाझ रेल्वे बांधून देण्याचे मान्य केले. ती १९१३ मध्ये सुरू झाली. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात चिलीच्या हद्दीतील चालक कंपनी डबघाईस आल्यानंतर तेथील वाहतूक दीर्घकाळ थांबली आणि माल ट्रकवर गेला. कागदावरचा हक्क ‘कायमस्वरूपी’ असूनही गाडी कायमस्वरूपी राहिली नाही. हक्काची हमी देणाऱ्या राज्याने सेवेची हमी दिली होती काय, हा प्रश्न त्या कराराच्या वाचनात आजही महत्त्वाचा आहे.

विचारधारांच्या मर्यादा

या तीन उदाहरणांच्या आधारे प्रचलित विचारधारांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे मांडता येतात.

भौगोलिक विचारधारा अंतराला अवाजवी महत्त्व देते. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया हे देशही भूवेष्टित आहेत, परंतु ऱ्हाईन नदीने वा रेल्वेने रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बर्ग अशा अनेक बंदरांशी ते जोडलेले आहेत. त्यांचे शेजारी समृद्ध आहेत हे खरे असले, तरी एका शेजाऱ्याने दार लावले तर दुसरे दार त्यांच्यासाठी उघडे असते, हा फरकही तितकाच निर्णायक आहे.

पायाभूत सुविधांची विचारधारा रूळ आणि रेल्वेसेवा यांत गल्लत करते. बीरगंज येथे रूळ असून सेवा नव्हती आणि आरिका मार्गावर रूळ राहिले, सेवा गेली. लिमाओ आणि व्हेनाबल्स यांच्या अभ्यासातही अंतर हिशेबात घेतल्यानंतर भूवेष्टित असण्याचा जो अतिरिक्त खर्च शिल्लक राहतो, त्याचे स्पष्टीकरण सीमेवरील विलंब, अनिश्चितता व शुल्क यांत असू शकते, इतपतच सूचन आढळते.

संस्थात्मक विचारधारा वस्तुस्थितीच्या सर्वाधिक जवळ जाते, परंतु तिचा रोख मुख्यतः मार्गावरील वाहतूकदार आणि मध्यस्थ यांच्यावर राहतो. दोन सार्वभौम राज्यांतील सामर्थ्याची विषमता तिच्यात पुरेशी व्यक्त होत नाही. १९८९ मध्ये भारत व नेपाळ यांच्यातील व्यापार व पारगमन करारांची मुदत संपल्यावर बहुतेक सीमामार्ग बंद झाले होते. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात रक्सौल–बीरगंज सीमेवरील वाहतूक खंडित झाली. त्या खंडाची कारणमीमांसा दोन्ही देशांत परस्परविरोधी पद्धतीने केली जाते. परंतु इंधन आणि औषधे यांचा तुटवडा सोसणारी जनता एकाच बाजूला होती, याविषयी दुमत नाही. अशा प्रसंगांना ‘वाहतुकीतील अनिश्चितता’ असे नाव दिल्याने त्यांचे स्वरूप झाकले जाते.

याचा अर्थ सर्व दोष पारगमन देशाच्या माथी मारावा असा नाही. बीरगंजला उतरलेला माल पुढे डोंगराळ रस्त्याने काठमांडूकडे जातो, आणि त्या टप्प्यावरील विलंबाचे उत्तर नेपाळलाच शोधावे लागेल. निर्यात न वाढल्यास रिकाम्या कंटेनरचा प्रश्न कोणताही करार सोडवू शकणार नाही. शिवाय पारगमनाच्या मालाची देशांतर्गत बाजारात गळती होऊ नये, ही भारताची चिंताही अनाठायी म्हणता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, भूवेष्टित देशांच्या कंटेनर रेल्वेचे मूल्यमापन टाकलेल्या रुळांच्या लांबीवर किंवा धावलेल्या गाड्यांच्या संख्येवर करणे अपुरे आहे. किती बंदरांचा पर्याय उपलब्ध आहे, किती चालक स्पर्धेत आहेत, लहान व्यापाऱ्याचा कंटेनर किती दिवस थांबतो, आणि करारातील बदल व्यवहारात उतरण्यास किती काळ लागतो, हे निकष अधिक उपयुक्त ठरतील. २००३ च्या अल्माटी, २०१४ च्या व्हिएन्ना आणि २०२५ च्या आवाझा येथील परिषदांनी भूवेष्टित देशांसाठी कृतिकार्यक्रम मांडले. त्यांच्या यशापयशाची तपासणी याच निकषांवर होणे इष्ट आहे.

भारत व नेपाळ यांच्या बाबतीत अलीकडील दिशा आशादायक आहे. जून २०२३ मध्ये पारगमन कराराचे नूतनीकरण झाले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या पत्रांच्या देवाणघेवाणीने जोगबनी–विराटनगर मार्गावर कंटेनरबरोबरच सुट्या मालाच्या वाहतुकीसही मान्यता मिळाली, तसेच नौतनवाच्या दिशेने जाणारे पारगमन मार्गही त्यात आले. बीरगंजवरील एकमेव अवलंबन त्यामुळे कमी होऊ शकेल. परंतु बीरगंज येथे करारावाचून पडून राहिलेली चार वर्षे आणि चालक खुले होण्यास लागलेली पंधरा वर्षे विसरून चालणार नाही. मान्यता मिळाल्यापासून लहान व्यापाऱ्याचा पहिला कंटेनर वेळेवर पोहोचेपर्यंत किती काळ जातो, यावरूनच या नव्या मार्गांची परीक्षा होईल. समुद्र जवळ आणणे रेल्वेच्या हाती नाही; समुद्राकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर न राहता नियमावर राहील, एवढी व्यवस्था मात्र दोन राज्यांच्या हाती आहे, आणि तिची अधिक जबाबदारी त्यांपैकी ज्याच्याकडे किनारा आहे त्याच्यावर येते.